साल, गर आणि बी : लिंबूवर्गीय फळांतील औषधी द्रव्यांच्या शोधाचा इतिहास

मराठीत ‘लिंबूवर्गीय फळे’ हा शब्दप्रयोग इतका रुळला आहे की लिंबू, संत्रे, मोसंबे, पपनस आणि महाळुंग ही सारी एकाच गुणाची भावंडे असावीत असे वाटू लागते. प्रत्यक्षात या फळांतील औषधी द्रव्यांच्या शोधाचा इतिहास म्हणजे त्या एका नावाखाली झाकल्या गेलेल्या भेदांचा, आणि ते भेद विसरल्यामुळे वारंवार हातचे निसटलेल्या ज्ञानाचा इतिहास आहे. कोणते फळ, त्याचा कोणता भाग, कोणत्या रूपात आणि शरीरात कोणत्या वाटेने, हे चार प्रश्न ज्यांनी विचारले त्यांच्या हाती काही लागले. ज्यांनी ते विचारले नाहीत त्यांनी आधीच्यांनी मिळवलेलेही गमावले. मेंदूतील पेशी आणि कर्करोग यांच्या संदर्भात आज या फळांविषयी जे दावे होतात, ते याच इतिहासाच्या उजेडात तपासावे लागतात.

भेद पाहण्याची ही दृष्टी भारतीय वैद्यकात जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात मातुलुंगाचा, म्हणजे महाळुंगाचा, विचार करताना त्याचे केसर, अर्थात आतील रसाळ भाग, पचायला हलके आणि उरलेले फळ त्याच्या उलट गुणाचे मानले आहे. सुश्रुतसंहितेत तर त्याची साल कडवट, पचायला जड, कृमी आणि कफवात यांचा नाश करणारी म्हणून वेगळी काढली आहे. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या उजव्या हातात जे फळ दिसते ते हेच महाळुंग असून त्यात गर थोडा आणि साल जाड असते, त्यामुळे या फळाकडे पाहणाऱ्याला सालीचा वेगळा विचार करावाच लागतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने या कुळाचे मूळ आसाम, उत्तर म्यानमार आणि पश्चिम युन्नान या हिमालयाच्या आग्नेय पायथ्याच्या पट्ट्यात दाखवले. आज बाजारात मिळणारी बहुतेक फळे महाळुंग, पपनस आणि मँडरिन, म्हणजे सैल सालीचे संत्रे, या मोजक्या पूर्वजांच्या संकरातून निपजली आहेत. गोड नारिंग हे पपनस आणि मँडरिन यांचे अपत्य, तर युरोपीय लेमन हे कडू नारिंग आणि महाळुंग यांचे. पूर्वज वेगळे म्हणून त्यांतील द्रव्येही वेगळी, ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली.

नावांच्या गोंधळाची सर्वांत मोठी किंमत मोजली ती ब्रिटिश आरमाराने. मे १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ या युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्याने स्कर्व्ही झालेल्या, म्हणजे हिरड्या सुजून रक्त येणाऱ्या, अंगावर डाग उमटलेल्या आणि गळून गेलेल्या बारा खलाशांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला एकेक वेगळा उपाय दिला. रोज दोन नारिंगे आणि एक लेमन मिळालेली जोडी सर्वांत लवकर सुधारली. जहाजावरची फळे सहा दिवसांत संपली, तरी तेवढ्यात त्यांतील एक जण कामावर रुजू होण्याइतका बरा झाला होता. हे निष्कर्ष लिंड यांनी १७५३ साली ग्रंथरूपाने मांडले. परंतु फळे लांबच्या प्रवासात टिकावीत म्हणून त्यांनी स्वतःच रस तापवून आटवलेला पाक सुचवला आणि त्या उष्णतेने रसातील रोगनाशक द्रव्य बरेचसे नष्ट होत असे. फळ तेच, पण रूप बदलले आणि गुण गेला. १७९५ मध्ये गिल्बर्ट ब्लेन यांच्या प्रयत्नांनी आरमारात न आटवलेला लेमनचा रस नियमितपणे मिळू लागला आणि स्कर्व्ही जवळजवळ हद्दपार झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला भूमध्य समुद्राकाठच्या लेमनऐवजी वेस्ट इंडीजमधील ‘लाइम’ वापरण्याचे ठरले, तेव्हा हा बदल कोणाला फारसा महत्त्वाचा वाटला नाही, कारण दोन्ही आंबट आणि आंबटपणा हाच गुण अशी समजूत होती. हे लाइम म्हणजे मराठी घरात वरणभातावर पिळले जाणारे पातळ सालीचे कागदी लिंबू होय. लेमन हे त्याहून मोठे, लांबट, जाड सालीचे आणि वेगळ्या वंशाचे फळ. मराठीत दोहोंना ‘लिंबू’ हा एकच शब्द चालतो, त्यामुळे मराठी वाचकाला ही चूक किती सहज होऊ शकते हे वेगळे सांगावे लागत नाही. १८७५ साली निघालेल्या जॉर्ज नेर्स यांच्या आर्क्टिक मोहिमेत स्कर्व्हीने पुन्हा डोके वर काढले आणि हळूहळू लिंबाच्या रसावरचाच विश्वास उडाला. हा रोग बिघडलेल्या डबाबंद मांसामुळे होतो असेही मानले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्री-वैज्ञानिकांनी प्राण्यांवर दोन्ही रस तोलून पाहिले, तेव्हा लाइमच्या ताज्या रसाची रोगनाशक शक्ती लेमनच्या सुमारे एक चतुर्थांश भरते आणि साठवलेल्या रसात तीही फारशी उरत नाही, हे स्पष्ट झाले. सव्वाशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट केवळ फळाच्या नावातील सैलपणामुळे पुन्हा सिद्ध करावी लागली, आणि दरम्यान माणसे दगावली.

दुसरीकडे युरोपातील रसायनशास्त्रज्ञ फळाचे थर एकेक करून उलगडत होते. १८२८ साली फ्रान्समधील लब्रेतों यांनी नारिंगाच्या सालीखालच्या पांढऱ्या, स्पंजासारख्या थरातून एक द्रव्य वेगळे केले आणि त्याला ग्रीक पुराणातील सोनेरी फळांच्या बागेवरून ‘हेस्पेरिडिन’ हे नाव मिळाले. १८४१ मध्ये बर्नेस यांना बियांमध्ये ‘लिमोनिन’ हे कडू द्रव्य सापडले. १८५७ मध्ये डे फ्राय या डच शास्त्रज्ञाला जावा बेटावर पपनसाच्या जातीच्या झाडाच्या फुलांत आणखी एक कडू द्रव्य आढळले. त्याचे ‘नारिंजिन’ हे नाव संस्कृत ‘नारङ्ग’ या शब्दावरून आले, आणि मराठीतला ‘नारिंग’ हाही त्याच शब्दाचा वंशज आहे. हेस्पेरिडिन आणि नारिंजिन ही फ्लेव्होनॉइड या वर्गातील, म्हणजे वनस्पती स्वसंरक्षणासाठी बनवतात अशा वलययुक्त रेणूंची, साखर जोडलेली रूपे होत. लिमोनिनचा वर्ग वेगळा, आणि त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की ती पूर्णपणे उलगडायला १९६० साल उजाडावे लागले.

ही नावे परकी वाटली तरी या द्रव्यांची ओळख घरोघरी असते. नागपुरी संत्र्याचा रस काढल्याबरोबर गोड लागतो आणि तोच दोन-चार तास ठेवला की जिभेवर कडवटपणा उमटतो, याचे कारण लिमोनिन हे आहे. अखंड फळात त्याचे पूर्वद्रव्य बेचव रूपात असते आणि पेशी फुटून ते आंबट रसात मिसळले की हळूहळू कडू लिमोनिनमध्ये बदलते. रसाचे कारखाने नागपूरच्या संत्र्याला बिचकतात त्यामागे हे एक मोठे कारण आहे. हेस्पेरिडिन तर पाण्यात इतके कमी विरघळते की सोललेल्या मँडरिनच्या फोडी पाकात घालून डबाबंद केल्या की काही काळाने पाक दुधट दिसू लागतो, आणि तो गढूळपणा म्हणजे हेस्पेरिडिनचे पांढरे सूक्ष्म स्फटिक असतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादेहून संत्र्याची रोपे आणवली असे परंपरेने सांगितले जाते. विदर्भाची ओळख बनलेले ते फळ मँडरिन कुळातले आहे, आणि मेंदूविषयीच्या अलीकडच्या संशोधनात हेच कुळ पुढे आले.

स्कर्व्हीचे उत्तर अखेर विसाव्या शतकात मिळाले, आणि तेही आधी फळातून नव्हे. अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञाने केंब्रिजमध्ये काम करताना प्राण्यांच्या अधिवृक्क ग्रंथींतून, म्हणजे मूत्रपिंडांवर बसलेल्या टोपीसारख्या ग्रंथींतून, मिळवलेले आम्ल १९२८ साली जाहीर केले. १९३२ मध्ये पिट्सबर्गच्या चार्ल्स ग्लेन किंग यांनी लेमनच्या रसातून जीवनसत्त्व क वेगळे केले आणि ही दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे ठरले. पण सेंट-ग्यॉर्गी यांची जिज्ञासा तेथे थांबली नाही. केशवाहिन्या, म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिन्या, नाजूक होऊन त्वचेखाली रक्त झिरपणाऱ्या काही रुग्णांना शुद्ध जीवनसत्त्वाने गुण येत नव्हता, मात्र लेमनच्या अशुद्ध अर्काने येत होता. त्या अर्कातील फ्लेव्होनॉइडांच्या मिश्रणाला त्यांनी ‘सिट्रिन’ म्हटले आणि १९३६ मध्ये इश्तवान रुस्न्याक यांच्यासह त्याला ‘जीवनसत्त्व पी’ असा दर्जा दिला. त्या मिश्रणात मुख्यतः शतकापूर्वीचे हेस्पेरिडिनच होते. गिनीपिगांवरील पुढच्या प्रयोगांत हा दर्जा टिकला नाही, कारण या द्रव्याच्या अभावाने निश्चित असा रोग होत नव्हता, आणि १९५० मध्ये ‘जीवनसत्त्व पी’ हे नाव मागे घेण्याची शिफारस झाली. नावाबरोबर द्रव्यांचाही विसर पडला. फ्लेव्होनॉइडांवरील संशोधन पुढची काही दशके मंदावले, ही या इतिहासातली खेदाची गोष्ट म्हणावी लागते.

कर्करोगाशी या फळांचे नाव मोठ्या प्रमाणावर जोडले गेले ते जीवनसत्त्व क मुळे. लायनस पॉलिंग आणि स्कॉटलंडमधील शल्यचिकित्सक इवान कॅमेरॉन यांनी १९७६ साली शंभर असाध्य कर्करुग्णांना रोज सुमारे दहा ग्रॅम जीवनसत्त्व देऊन त्यांची तुलना जुन्या नोंदींतील हजार रुग्णांशी केली आणि पहिले रुग्ण सरासरी कितीतरी अधिक काळ जगल्याचे मांडले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९७९ आणि १९८५ मध्ये अधिक काटेकोर चाचण्या घेतल्या, ज्यांत कोणाला जीवनसत्त्व आणि कोणाला निरुपद्रवी बनावट गोळी मिळते हे रुग्ण व वैद्य दोघांपासून लपवले होते, आणि त्यांत काहीही लाभ दिसला नाही. वाद तेथेच मिटला असे वाटले. परंतु कॅमेरॉन आरंभी ते शिरेतून देत होते आणि मेयोच्या चाचण्यांत ते केवळ तोंडावाटे दिले गेले, हा वाटेचा फरक नजरेआड झाला होता. पुढे मार्क लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की तोंडावाटे कितीही घेतले तरी रक्तातील प्रमाण एका मर्यादेपुढे चढत नाही, शिरेतून मात्र ते अनेक पटींनी चढते, आणि तेवढ्या प्रमाणात हे द्रव्य ऑक्सिडीकरण रोखण्याऐवजी पेशींभोवती हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करून प्रयोगशाळेतील काही कर्कपेशी मारते. एवढ्याने कॅमेरॉन-पॉलिंग यांचा दावा खरा ठरत नाही, कारण त्यांच्या तुलनेतच मोठे दोष होते, आणि शिरेतून दिलेले जीवनसत्त्वही अजून प्रस्थापित उपचार झालेले नाही. मात्र संत्री खाण्याने कर्करोग बरा होतो या समजुतीला या सगळ्यातून आधार मिळत नाही, हे निःसंशय आहे.

सालीच्या तेलाची कथा याहून वेगळी आहे. संत्र्याची ताजी साल चिमटीत दुमडली की बारीक फवारा उडतो, आणि तो दिव्याच्या ज्योतीवर धरला तर तडतडून ठिणग्या पडतात. सालीच्या पृष्ठभागावरील तैलग्रंथी फुटून उडणाऱ्या या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक भाग लिमोनीन या सुगंधी द्रव्याचा असतो. हे बियांतल्या कडू लिमोनिनहून सर्वस्वी निराळे द्रव्य आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या एका फरकावर त्यांची गल्लत होऊ नये. १९८०च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठात मायकेल गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की आहारात लिमोनीन दिलेल्या उंदरांमध्ये रसायनाने उद्भवणाऱ्या स्तनांतील गाठी कमी होतात. लिमोनीन आणि त्याच्याच जवळचे पेरिलिल अल्कोहोल पेशीतील काही लहान प्रथिनांना जोडली जाणारी मेदाळ शेपटी अडवतात, असे त्याचे स्पष्टीकरण पुढे आले. पेशीला ‘वाढ’ असा निरोप देणारी ही प्रथिने त्या शेपटीशिवाय पेशीच्या पडद्यात रुतत नाहीत. त्याच सुमारास दुसऱ्या प्रयोगांत नर उंदरांच्या मूत्रपिंडात लिमोनीनमुळेच गाठी झाल्याचे आढळले आणि खळबळ उडाली. त्या गाठींना नर उंदराच्या यकृतात बनणारे एक विशिष्ट प्रथिन कारणीभूत होते, जे माणसात बनतच नाही, त्यामुळे ती भीती माणसाच्या बाबतीत निराधार ठरली. पण उंदरातील हानी माणसाला लागू नसेल तर उंदरातील लाभ तरी तसाच कसा लागू होईल, हा प्रश्न त्याच क्षणी उभा राहिला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत ३२ गंभीर कर्करुग्णांना लिमोनीन दिले असता स्तनकर्करोगाच्या एका रुग्णेची गाठ अंशतः आकसली आणि तो परिणाम ११ महिने टिकला; नंतर त्याच रोगाच्या आणखी दहा रुग्णांत तसे काहीही घडले नाही. पेरिलिल अल्कोहोलच्या तोंडावाटे दिलेल्या मोठ्या मात्रांनी मळमळ आणि पोटाचे त्रास इतके झाले की त्या चाचण्या फारशा पुढे सरकल्या नाहीत.

येथे मेंदू आणि कर्करोग हे दोन धागे एकत्र आले. ब्राझीलमधील फ्लुमिनेन्स संघीय विद्यापीठात क्लोविस दा फोन्सेका यांनी मेंदूच्या ग्लायोमा या दुर्धर कर्करोगाच्या रुग्णांना पेरिलिल अल्कोहोल नाकावाटे हुंगवण्यास सुरुवात केली. नाकाच्या वरच्या भागातील गंधवाही मज्जातंतू थेट मेंदूत जातात, त्यामुळे पोट आणि यकृत टळतात, आणि रक्तातून मेंदूत शिरणाऱ्या पदार्थांना गाळणारा, रक्तवाहिन्यांच्या घट्ट पेशींचा अडसरही काहीसा चुकवता येतो. निष्कर्ष आशादायक वाटले तरी ते यादृच्छिक विभागणी केलेल्या मोठ्या चाचण्यांतून आलेले नाहीत. तरीही द्रव्य न बदलता केवळ वाट बदलून प्रश्नाचा विचार पुन्हा सुरू करणे, हे या संशोधनपरंपरेतील एक सुंदर पाऊल मानले पाहिजे.

रूपाच्या प्रश्नाचा सर्वांत ठळक धडा पेक्टिनने दिला. पेक्टिन हा सालीच्या पांढऱ्या थरातील, मुरंबा घट्ट करणारा तंतुमय पदार्थ होय. अवराहम राझ आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्वचेच्या कर्कपेशी उंदरांच्या शिरेत सोडताना त्यांच्यासोबत पेक्टिन दिले. साध्या पेक्टिनने फुप्फुसांतील गाठी वाढल्या, तर आम्ल-अल्कलीच्या प्रक्रियेने लहान तुकडे केलेल्या पेक्टिनने त्या कमी झाल्या. एकाच सालीतला एकच पदार्थ, आणि परिणाम परस्परविरुद्ध. १९९५ मध्ये केनेथ पिएंटा यांनी प्रक्रिया केलेले पेक्टिन उंदरांना पाण्यातून दिले, तेव्हा प्रोस्टेटमधील मूळ गाठ तशीच वाढली, मात्र तिचे फुप्फुसांत पसरणे घटले.

मेंदूच्या पेशींसंबंधीचा विचार पूर्वेकडून आला. दक्षिण चीनमधील ग्वांगदोंग प्रांतातल्या शिनहुई येथे मँडरिनच्या साली उन्हात वाळवून वर्षानुवर्षे मुरवण्याचा व्यवसाय जुना आहे. ‘चेनपी’ म्हणजे जुनी साल, आणि ती जितकी जुनी तितकी मोलाची मानली जाते. जपानच्या कांपो वैद्यकातही ही साल वापरात आहे. मँडरिनच्या सालीत नोबिलेटिन आणि टँजेरेटिन ही फ्लेव्होनॉइड आढळतात, ज्यांच्यावर साखरेऐवजी मिथॉक्सी नावाचे लहान गट, पहिल्यात सहा आणि दुसऱ्यात पाच, जडलेले असतात. त्यामुळे ती मेदात सहज विरघळतात आणि मेंदूचा अडसर ओलांडू शकतात, तर साखर जोडलेले हेस्पेरिडिन मोठ्या आतड्यातील जीवाणूंनी ती साखर तोडेपर्यंत फारसे शोषलेही जात नाही. सेन्दाईच्या तोहोकू विद्यापीठात यासुशी ओहिझुमी यांच्या गटाने २०००च्या दशकात दाखवले की नोबिलेटिनमुळे संवर्धनपात्रातील मज्जापेशीसदृश पेशींना लांब तंतू फुटतात आणि स्मृतिभ्रंशासारखी अवस्था निर्माण केलेल्या उंदरांची स्मरणशक्ती सुधारते. त्या पेशी मुळात उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतील गाठीपासून निघालेल्या होत्या, म्हणजे मज्जातंतूंच्या वाढीचा पुरावा येथे गाठीच्याच पेशींनी दिला होता. ‘मेंदूच्या पेशींना लाभ’ असे वाचताना त्या पेशी कोणत्या, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. माणसांवरील पुरावा अजून तोकडा आहे. रेडिंग विद्यापीठाच्या २०१५ सालच्या चाचणीत ३७ निरोगी ज्येष्ठांनी आठ आठवडे रोज अर्धा लिटर नारिंगाचा रस घेतला, ज्यात एका वेळी ३०५ मिलिग्रॅम आणि दुसऱ्या वेळी ३७ मिलिग्रॅम फ्लेव्हॅनोन, म्हणजे हेस्पेरिडिनच्या वर्गातील द्रव्ये, होती. अधिक मात्रेनंतर एकंदर आकलनक्षमतेचे गुण काहीसे वाढले. हे सारे निरोगी होते, त्यामुळे रोग्याविषयी या चाचणीतून काही सांगता येत नाही.

याच टँजेरेटिनची दुसरी बाजू बेल्जियममधील गेंटच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवली. संवर्धनपात्रात ते स्तनकर्करोगाच्या पेशींना रोखत होते, म्हणून ते टॅमॉक्सिफेन या प्रस्थापित औषधाला पूरक ठरेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात गाठी असलेल्या उंदरांना दोन्ही एकत्र दिल्यावर टॅमॉक्सिफेनचा गुण नाहीसा झाला आणि ते उंदीर केवळ टॅमॉक्सिफेन मिळालेल्यांपेक्षा लवकर मेले. त्याआधी दहा वर्षे, १९८९ मध्ये, कॅनडात डेव्हिड बेली आणि सहकारी रक्तदाबाच्या औषधावर मद्याचा परिणाम तपासत होते आणि मद्याची चव लपवण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, तेव्हा औषधाचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे चढलेले आढळले. ग्रेपफ्रूटमधील फ्युरानोकुमारिन ही द्रव्ये आतड्यातील औषधे मोडणारे एक विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, निकामी करतात, त्यामुळे नेहमीची गोळी जास्त मात्रेसारखी वागते. कर्करोगावरील अनेक औषधेही याच विकराकडून मोडली जातात. आता अनेक औषधांसोबतच्या सूचनापत्रकात ग्रेपफ्रूटविषयी इशारा छापलेला असतो. गोड नारिंग आणि साधे संत्रे त्या इशाऱ्याच्या बाहेर राहतात. मात्र मुरंब्याचे कडू नारिंग, आणि कोकणातल्या परसात डोक्याएवढे होऊन लोंबणारे, मीठ-तिखट लावून खाल्ले जाणारे पपनस, ही दोन्ही त्याच्या आत येतात.